हवानाला गेलेली वहिनी

एक सरकारी माणूस येऊन तुमची चौकशी करून गेला, असं शेजारच्या मिसेस कोवाल्स्कींनी कुंपणापाशी थांबवून सांगितलं, तेव्हा मालिनीच्या हातात वाळक्या पानांनी भरलेली पिशवी होती. ती खाली ठेवायचंही तिला सुचलं नाही.

"आमची म्हणजे कोणाची?"

"बिवलकरांची," म्हातारी म्हणाली. तिला कमी ऐकू यायचं, त्यामुळे ती मोठ्यानं बोलायची आणि अर्ध्या रस्त्याला ऐकू जायचं. "कधीपासून राहतात, कोण येतं-जातं, परदेशात जातात का, माणसं कशी आहेत. मी म्हटलं, फार चांगली माणसं. बाई प्रोफेसर आहे, सारखी त्या दक्षिणेकडच्या देशांत जात असते. बरोबर सांगितलं ना मी?"

"अगदी बरोबर," मालिनी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी डिपार्टमेंटमध्ये तिच्या नावानं एक कार्ड ठेवलेलं होतं. मिस्टर हॅलोरन, खाली सरकारी पत्ता आणि फोन. तिनं दार लावून फोन केला. माणूस अतिशय सभ्य होता. कशाबद्दल बोलायचं आहे, असं तिनं विचारलं तर म्हणाला, "ते समोरासमोरच बरं, प्रोफेसर. थँक्सगिव्हिंगनंतरचा सोमवार जमेल?"

जमेल, असं तिनं सांगितलं. सरकारला जमणार नाही म्हणायची बिवलकरांच्या घरात पद्धत नव्हती.

मालिनी नेमकं काय काम करते, हे त्या घरात कोणाला धड सांगता येत नसे. सदुसष्ट साली ती हेमचंद्रशी लग्न करून न्यू जर्सीत आली. तो औषधांच्या कंपनीत केमिस्ट. दिवसभर घर खायला उठायचं, म्हणून तिनं गावातल्या कॉलेजात संध्याकाळचा एक वर्ग घेतला. टायपिंगचा भरला होता, शिवणाचा भरला होता, स्पॅनिशच्या वर्गात जागा होती. तिथून जे सुरू झालं ते डॉक्टरेटपर्यंत गेलं आणि नंतर नोकरीत, माद्रिदच्या आणि सेव्हिलच्या दप्तरखान्यांत, मेक्सिकोत, बोगोटात. अमेरिका खंडातले एकेक देश स्पेनच्या हातून निसटले, स्वतःला प्रजासत्ताक म्हणवू लागले. पण ते निसटले आहेत हे कबूल करायला स्पेननं कित्येक वर्षं लावली. राजा फर्डिनांड ते कबूल न करताच मेला. मेक्सिकोला मान्यता मिळाली ती छत्तीस साली, म्हणजे अठराशे छत्तीस. काहींना तर पुढच्या पिढीपर्यंत, त्याच्याही पुढच्या पिढीपर्यंत थांबावं लागलं. त्या मधल्या काळात कोण कोणाशी गुपचूप बोललं, कोण काय खोटं बोललं, हा मालिनीचा विषय. तिची मोठी जाऊ सुमित्राताई एकदा म्हणाली होती, "म्हणजे वाटण्या झालेल्या भावांसारखंच की गं!" ते वाक्य मालिनी पुढे दरवर्षी वर्गात सांगायची.

चौऱ्याऐंशी साली ती दोन आठवडे हवानाला जाऊन आली होती. मेक्सिको गेल्यावर स्पेनचे कान आणि डोळे हवानातच होते, तिथला पत्रव्यवहार बघितल्याशिवाय पुस्तक पुरं होणार नव्हतं. रीतसर सरकारी परवानगी काढून गेली. तरी परत आल्यावर महाराष्ट्र मंडळात दोन-चार चेहरे बदलले. "क्युबा? तिकडे कशाला?" आणि आता फुल प्रोफेसरच्या बढतीचं प्रकरण समितीपुढे होतं, सेव्हिलच्या वर्षभराच्या फेलोशिपचं उत्तर यायचं होतं, आणि एक माणूस तिच्या शेजाऱ्यांना विचारत फिरत होता.

शपथ घेऊन नागरिक झाल्याला तिला नऊ वर्षं होत आली होती. पण शपथ घेऊन झालेल्या नागरिकाला वाटणारी भीती इथे जन्मलेल्याला कळत नाही. दिलेली गोष्ट परत घेता येते, हे त्याच्या मनातून कधी जात नाही.

कोणी सांगितलं असेल? तिनं मनात एकेक माणूस उभा केला. बढतीसाठी तिच्याबरोबर रांगेत असलेला सहकारी. मंडळाचे माजी अध्यक्ष. रात्रीच्या जेवणाला तिनं हेमचंद्रला सगळं सांगितलं, कार्ड टेबलावर ठेवलं.

"रुटीन असेल गं," तो म्हणाला आणि त्यानं आमटी वाढून घेतली.

मालिनी त्याच्याकडे बघत राहिली. गॅरेजचं दार दोनदा तपासल्याशिवाय न झोपणारा, टॅक्स ऑफिसचं साधं पाकीट आलं तरी उघडण्याआधी पाणी पिणारा हा माणूस. त्यानं कार्ड उचलूनसुद्धा बघितलं नाही.

"तुम्हाला याबद्दल काही माहीत आहे का?"

"मला काय माहीत असणार?"

"मग शॉमबर्गला कोणाजवळ बोलू नका. दादांची साठी आहे, उगाच गालबोट नको."

"छे, मी कशाला बोलतोय," हेमचंद्र म्हणाला.

*

त्र्यंबक बिवलकर, म्हणजे दादा, शिकागोजवळ शॉमबर्गला ॲनेस्थेशियाचे डॉक्टर. दोघा धाकट्या भावांना अमेरिकेत त्यांनीच आणलं होतं. ते स्वतः हे विसरत नसत आणि कोणाला विसरू देत नसत. साठीची शांत त्यांनी थँक्सगिव्हिंगच्या शनिवारी धरली, म्हणजे सगळ्यांना सुट्टी. पौरोहित्याला राजाराम नावाचे एक केमिकल इंजिनिअर येणार होते. होमाच्या धुरानं बोंब मारू नये म्हणून छताचा स्मोक अलार्म आदल्या दिवशीच उतरवून कपाटात ठेवला होता.

नरेंद्र आणि त्याची बायको कांचन कॅलिफोर्नियातल्या क्युपर्टिनोहून आधीच येऊन पोचले होते. मालिनी आत आली तेव्हा नरेंद्र जिन्याखाली खुर्च्या उलगडत होता. सर्वांत धाकटा भाऊ, पण कानांवरचे केस पिकले होते.

"या वहिनी. कशा आहात? फ्लाइट ठीक झाली ना तुमची?"

मालिनीचा कोट अंगातून अर्धा निघाला होता, तो तसाच राहिला. आहात? तुमची? हा मुलगा शिकायला आला तेव्हा तीन वर्षं न्यू जर्सीत पिस्कॅटवेला त्यांच्या घरी राहिला होता. तिचं प्रबंधाचं काम चालू होतं. ती पोळ्या लाटायची आणि हा ओट्यावर बसून स्पॅनिश शब्दांची कार्डं एकेक करून धरायचा, चुकली की ओरडायचा, "वहिनी, तू नापास!" त्याला कांजिण्या आल्या तेव्हा पंधरा दिवस तिनं लायब्ररीचं तोंड बघितलं नव्हतं. आणि सबंध खानदानात तिचा प्रबंध पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणारा हा एकटा. इतक्या वर्षांत त्यानं तिला अहो-जाहो केलं नव्हतं.

"मी ठीक आहे," ती म्हणाली. "तू कसा आहेस?"

"मजेत, मजेत," म्हणत तो खुर्च्या घेऊन आत गेला.

त्या संध्याकाळी ती फॅमिली रूमच्या दाराशी आली की आतलं बोलणं थांबायचं. एकदा दादांचा आवाज आला, "तिला समजावणं तुझं काम, हेमू." ती आत गेली तर तिघे भाऊ टीव्हीवरची फुटबॉलची मॅच बघत होते, आणि आवाज बंद होता.

*

शनिवारी सकाळी पुऱ्या तळायचं काम गॅरेजमध्ये होतं, कारण घरात तळणाचा वास नको, असं सुमित्राताईचं फर्मान. बाहेर कडाक्याची थंडी. मालिनी आणि कांचन पैठण्यांवर जाडे कोट चढवून गॅसच्या शेगडीजवळ उभ्या होत्या. कांचन लाटत होती, मालिनी तळत होती. कांचननं एक पुरी लाटली, मोडली, पुन्हा गोळा केला.

"वहिनी," ती खाली बघत म्हणाली, "त्या माणसाला तुम्ही काय सांगणार आहात?"

"कोणत्या माणसाला?"

कांचनचा हात थांबला. कढईतली पुरी फुगून तांबूस झाली, मग काळपट व्हायला लागली, तरी मालिनीनं ती काढली नाही. तिनं सांगितलं होतं ते एकट्या नवऱ्याला, आणि त्यानं कबूल केलं होतं.

"नाही... ते, मला वाटलं..." कांचन म्हणाली. "नरेन म्हणत होता की..."

"नरेंद्रला काय ठाऊक?"

"वहिनी, पुरी जळतेय."

"जळू दे. नरेंद्रला कोणी सांगितलं माझ्याकडे माणूस येणार आहे म्हणून?"

तेवढ्यात आतून सुमित्राताईची हाक आली, पूर्णाहुती आहे, सगळ्यांनी आत या. कांचन हात पुसत जवळजवळ पळालीच. मालिनीनं शेगडी बंद केली. आता तिच्या मनात एकच गोष्ट स्पष्ट होती. बाहेरच्या लोकांवर तिनं उगाच संशय घेतला होता. जे काही होतं ते या घरातच होतं.

पूर्णाहुतीला ती हात जोडून उभी राहिली, पण तिचं लक्ष माणसांवर होतं. दादा, नव्या उपरण्यात, धुरानं डोळे चोळत. नरेंद्र, त्यांच्या मागे. हेमचंद्र, नरेंद्रच्या इतक्या जवळ की खांद्याला खांदा लागावा. आणि ती स्वतः समोरच्या बाजूला, जावांच्या रांगेत. नरेंद्रची नोकरी एका इलेक्ट्रॉनिक्स कंपनीत होती, कंपनी हल्ली लष्कराची कामं घ्यायला लागली होती, एवढं तिला माहीत होतं. तिथल्या लोकांना बरं वाटावं म्हणून यानं आपलं नाव दिलं असेल का? माझी भावजय अशी अशी आहे, हवानाला जाते, मी स्वतःच सांगतोय, मी प्रामाणिक आहे. असं झालं असेल का? दप्तरखान्यांत तिनं अशी शंभर माणसं बघितली होती. ती वाईट नसत. घाबरलेली असत.

*

मसालेभात आणि सावर क्रीमचं श्रीखंड जेवून पाहुणे चारच्या सुमाराला गेले. घरचीच माणसं उरली. सुमित्राताई कॉफीचा ट्रे घेऊन आली तेव्हा मालिनी उभीच होती.

"नरेंद्र, माझ्याबद्दल तू कोणाला काय सांगितलंस?"

"मालिनी, आजच्या दिवशी नको," दादा म्हणाले.

"आज नको तर कधी, दादा? परवा माझ्या ऑफिसात सरकारी माणूस येऊन बसणार आहे. तुम्हा सगळ्यांना ते माहीत आहे. मीच काय ती परकी आहे का?"

दादांनी नरेंद्रकडे पाहिलं. मग नरेंद्र हळू आवाजात म्हणाला, "वहिनी, तो तुमच्यासाठी येत नाहीये. माझ्यासाठी येतोय."

"तुझ्यासाठी?"

"माझ्या क्लिअरन्ससाठी. गुप्त कामाची सरकारी परवानगी असते ती. आमच्या ग्रुपला रडारचं काम मिळालंय. ज्याला सरकारी क्लिअरन्स मिळेल तो राहणार, बाकीच्यांना दुसरीकडे ढकलणार, आणि दुसरीकडे कामच नाहीये. जिथे जिथे मी राहिलो तिथे तिथे जाऊन ते विचारतात. तुमच्याकडे राहिलो ना मी तीन वर्षं."

मालिनी हसलीच. किती दिवसांनी छातीवरचा दगड उतरला. मिसेस कोवाल्स्कीच्या कानांनी सगळा घोळ केला होता तर!

"अरे, मग हे आधी सांगायचं नाही? मी इथे मरणाची घाबरले होते. मी तुझ्याबद्दल काय वाईट सांगणार आहे? सांगेन, पोटच्या मुलासारखा राहिला, आजही—"

तिच्याबरोबर कोणीच हसलं नव्हतं. कांचन साडीच्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. मालिनीचं हसू ओसरलं.

"अजून काय आहे?" तिनं विचारलं.

"सांग ना आता," कांचन नवऱ्याला म्हणाली. "इथवर आणलंस, आता सांग."

नरेंद्रनं चष्मा काढला. "ऑगस्टमध्ये माझा इंटरव्ह्यू घेतला त्यांनी. सगळं नीट चाललं होतं. आणि मग तो माणूस अचानक म्हणाला, तुमच्या भावाची बायको हवानाला जाऊन आली आहे. तिच्याशी तुमचा संबंध कसा आहे? आय फ्रोझ, वहिनी. मला वाटलं, संपलं. मी म्हटलं... मी म्हटलं, भावाशी कधीमधी फोनवर बोलतो. तिच्याशी काही संपर्क नाही. आमचं बोलणं नाही."

कॉफीच्या कपातून वाफ निघत होती. मालिनीनं ते शब्द मनातल्या मनात पुन्हा म्हणून बघितले. आपली चहाडी केली असती, तर ते बरं वाटलं असतं, असं तिला वाटून गेलं. चहाडी करायला निदान माणूस आपला असावा लागतो.

"बोलणं नाही," ती म्हणाली.

"तोंडातून निघून गेलं. शप्पथ. आणि एकदा सांगितल्यावर परत घेतलं तर मी खोटारडा ठरतो, त्यांच्याकडे त्याहून मोठा गुन्हा नाही. वहिनी, तू फक्त एवढंच म्हण, की हो, बरीच वर्षं संबंध नाही. एवढंच. दोन मिनिटांचं काम आहे. मुलांची शाळा, घराचं लोन... तू नाही म्हणालीस तर मी संपलो गं."

भीतीत त्याचं तुम्ही गळून पडलं होतं. मालिनीच्या ते लक्षात आलं आणि तिला जास्तच राग आला.

"एक वाक्य आहे," दादा म्हणाले. त्यांचा आवाज ऑपरेशनच्या आधी पेशंटची समजूत घालतात तसा झाला. "आपल्या घरातल्या एका माणसाची भाकरी त्यावर आहे. तुझं काय जातंय? तुझी नोकरी पर्मनंट आहे. आणि खरं सांगू का, हवानाला तू गेली नसतीस तर ही वेळच आली नसती."

"बरं," सुमित्राताई म्हणाली आणि तिनं ट्रे खाली ठेवला. सगळे तिच्याकडे वळले. मालिनीच्या शिक्षणाला आणि प्रवासांना वीस वर्षं नाकं मुरडलेली ही मोठी जाऊ. "म्हणजे चूक हिचीच झाली. जिच्या हातचं तीन वर्षं जेवला तिला हा ओळखत नाही म्हणून आला, आणि चूक हिची."

"सुमित्रा, तू यात पडू नकोस."

"का पडू नको? माझ्या घरात चाललंय. तिनं खोटं बोलायचं आणि पकडली गेली तर? तर तिला कोण वाचवणार आहे? तुम्ही? तुम्ही तर तेव्हा म्हणाल, आमचं बोलणं नाही."

दादांचा चेहरा लाल झाला. नरेंद्रनं मान खाली घातली. आणि मालिनीनं पहिल्यांदा आपल्या नवऱ्याकडे पाहिलं. हेमचंद्र सोफ्याच्या कडेला बसून गालिच्यावरचा एक तांदळाचा दाणा पायाच्या अंगठ्यानं सरकवत होता.

"तुम्हाला कधी कळलं?"

"अं?"

"नरेंद्रनं काय सांगितलं ते तुम्हाला कधी कळलं?"

"ऑगस्टमध्ये. त्यानं त्याच संध्याकाळी फोन केला होता."

"आणि मी कार्ड टेबलावर ठेवलं तेव्हा तुम्हाला माहीत होतं, तो कोण आहे आणि कशाला येतोय. मी आठ-दहा रात्री झोपले नाही. माझी बढती जाणार, पासपोर्ट जाणार, काय काय मनात आणलं. तुम्ही बाजूला झोपला होतात."

"तुला त्रास नको म्हणून..." हेमचंद्र म्हणाला. "दादा म्हणाले, इथे सगळे असताना नीट समजावून सांगू."

माद्रिदच्या दप्तरखान्यात तिनं कितीतरी खलिते वाचले होते, ज्यांत स्पेनचा मंत्री लिहायचा, असा कोणताही देश आम्हाला ठाऊक नाही. आणि त्याच आठवड्यात त्या न ठाऊक असलेल्या देशाच्या बंदरात स्पेनचा माल दुसऱ्याच्या निशाणाखाली उतरत असायचा. मंत्र्यांच्या अडचणी ती सहानुभूतीनं समजावून सांगायची. तिच्या लेखनाची तारीफ व्हायची ती त्याबद्दलच. पलीकडच्या बाजूनं, त्या नव्या देशांच्या राजदूतांकडून येणारे खलिते मात्र तिला कायम जरा आक्रस्ताळे वाटत आले होते. एवढं काय त्यात, व्यवहार तर चालू आहे ना? असं वाटायचं. आज तिला स्वतःला ओरडावंसं वाटत होतं. पण ती ओरडली नाही. तिनं कॉफीचा कप उचलला, स्वयंपाकघरात नेऊन सिंकमध्ये ओतला आणि वर जाऊन बॅग भरली.

*

परतीच्या विमानात हेमचंद्रनं तीनदा घसा साफ केला. शेवटी म्हणाला, "मग, काय ठरवलंस?"

"मी काय सांगेन असं वाटतं तुम्हाला?"

त्यानं सीटचा पट्टा उगाच पुन्हा आवळला. पण त्यानं तिच्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती नजर मालिनीला ओळखता आली. गेले काही दिवस तीच नजर ती आरशात बघत होती. आता त्याला तिचा संशय येत होता. ही बाई माझ्या भावाला बुडवेल का? वीस वर्षांच्या संसारानंतर त्याला हे सांगता येत नव्हतं. तिला तरी त्याच्याबद्दल काय सांगता आलं होतं?

सोमवारी मिस्टर हॅलोरन वेळेवर आले. पन्नाशीचा, थकलेल्या चेहऱ्याचा माणूस, ओला रेनकोट घडी करून मांडीवर ठेवणारा. त्यानं आधीच सांगून टाकलं, की ही चौकशी नरेंद्र बिवलकर यांच्याबद्दल आहे, तुमच्याबद्दल नाही. मालिनीनं मान हलवली.

नरेंद्र तुमच्या घरी राहत होते? हो, चौऱ्याहत्तर ते सत्त्याहत्तर. वागणूक? उत्तम. दारू, कर्ज, वाईट संगत? कधीच नाही. या देशाशी प्रामाणिक आहेत? "माझ्या माहितीत त्याच्याइतका घाबरून कायदा पाळणारा माणूस नाही," ती म्हणाली. हॅलोरन किंचित हसले.

मग त्यांनी पान उलटलं. "सध्या तुमचा त्यांच्याशी संपर्क आहे?"

मालिनीनं खिडकीबाहेर बघितलं. आवारात मुलं डोक्यावर दप्तरं धरून पळत होती. खोटं बोलायचं नाही, एवढं तिनं ठरवलं होतं. नरेंद्रला बुडवायचं नाही, हेही ठरवलं होतं. दोन्हीच्या मधून वाट कशी काढतात, हे पंधरा वर्षं ती माद्रिदच्या मंत्र्यांकडून शिकत आली होती.

"आमचं बोलणं नाही," ती म्हणाली.

"कौटुंबिक समारंभात भेट होत असेल?"

"समारंभात सगळेच भेटतात. भेटणं वेगळं, बोलणं वेगळं."

"काही विशेष कारण?"

"माझा हवानाचा प्रवास."

"त्यांना तो पसंत नव्हता?"

"त्याला त्याची भीती वाटली. मला त्याच्या भीतीचा राग आला. एवढंच."

हॅलोरन लिहीत होते. आता ते विचारतील, कधीपासून? त्या एका प्रश्नाला तिच्याजवळ वाट नव्हती. शनिवारपासून, असंच उत्तर होतं, आणि विचारलं असतं तर तिनं ते दिलं असतं. तिनं टेबलाची कड घट्ट धरली. हॅलोरननी वही मिटली, भिंतीवरच्या जुन्या नकाशाकडे बघून विचारलं, "तुम्ही मेक्सिकोबद्दल लिहिता म्हणे?" आणि उत्तर अर्धवट ऐकून, रेनकोट उलगडून ते निघून गेले.

*

संध्याकाळी हेमचंद्र लवकर घरी आला. दारातच त्यानं विचारलं, "काय सांगितलंस?"

"खरं सांगितलं."

त्याचा चेहरा पांढरा पडला. तो कोट न काढताच खुर्चीत बसला.

"आमचं बोलणं नाही, असं सांगितलं," मालिनी म्हणाली. "ते आता खरंच आहे."

त्याला समजायला थोडा वेळ लागला, आणि समजलं तेव्हा अर्धंच समजलं. तो उठून उभा राहिला, त्याचे डोळे भरून आले. "मला माहीत होतं. तू नरूला बुडवणार नाहीस, मी दादांना सांगत होतो—"

"कधी सांगत होता?"

तो थांबला. "आज दुपारी. फोन आला होता त्यांचा."

म्हणजे दिवसभर शॉमबर्ग आणि क्युपर्टिनो तिच्या तोंडाकडे डोळे लावून बसले होते. हेमचंद्रनं तिच्यासमोरच फोन फिरवला. तिकडे दुपार होती, नरेंद्र घरीच बसून असणार. "नरू? झालं रे. झालं, सगळं नीट झालं," तो म्हणाला आणि मग बराच वेळ ऐकत राहिला. पलीकडून कोणीतरी रडत असल्यासारखा आवाज येत होता. मार्चमध्ये नरेंद्रला क्लिअरन्स मिळाला, आणि मालिनीला ते सुमित्राताईकडून कळलं. पण त्या संध्याकाळी कोणालाच काही ठाऊक नव्हतं, फक्त संकट टळलं एवढंच होतं.

हेमचंद्रनं रिसीव्हर तिच्यापुढे धरला. "बोल त्याच्याशी. फार रडतोय. दोन शब्द बोल."

"मी सरकारला काय सांगितलंय ते तुम्ही आत्ता ऐकलंत."

"अगं, ते त्यांच्यासाठी. हे आपलं आपण. कोणाला कळणार आहे?"

"मला कळेल," मालिनी म्हणाली.

रिसीव्हरमधून "वहिनी? वहिनी?" असं बारीक ऐकू येत होतं. हाताच्या अंतरावर. या आवाजानं स्पॅनिश शब्द घोकून घेतले होते. तिचा हात उचलला गेला, अर्ध्या वाटेपर्यंत गेलाही, आणि मग तिनं तो खाली घेतला. नरेंद्रनं एका वाक्यात जे केलं होतं, ते खरं करायला तिला आता रोज काहीतरी करावं लागणार होतं, आणि त्यातलं हे पहिलं होतं.

हेमचंद्र तिच्याकडे बघत राहिला. मग त्यानं रिसीव्हर कानाला लावला. त्याच्या चेहऱ्यावर अवघडल्याची खूण नव्हती, आवाजही अडखळला नाही.

"अरे, ती घरी नाहीये," तो म्हणाला. "कॉलेजातच आहे अजून. आली की सांगतो."

मालिनी त्याच्यापासून दोन हातांवर उभी होती. किती सहज खोटं बोलला हा, तिच्या मनात आलं. आणि मग ऑगस्टच्या आधीची वर्षं एकेक करून तिला आठवायला लागली.